रिपोर्टमधली लघुरूपं कशी वाचावीत: दृष्टी, अरेस्ट आणि अर्ली जीन्स

'व्हीएफ' ही दोन अक्षरं नेत्रतपासणीच्या कागदावर असतील, तर त्यांचा अर्थ व्हिज्युअल फील्ड, म्हणजे नजर एका जागी स्थिर ठेवून भोवताली जेवढं दिसतं तेवढा टापू. हीच दोन अक्षरं अतिदक्षता विभागाच्या नोंदीत असतील, तर त्यांचा अर्थ व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन. यात हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरत असतात आणि रक्त पुढे जात नसतं, म्हणजे जिवावरचा प्रसंग असतो. हृदय बंद पडून वाचलेल्या माणसाला नंतर नीट दिसेनासं झालं, तर दोन्ही 'व्हीएफ' एकाच फाइलमध्ये येतात. अशा वेळी नुसता शोध घेऊन पहिला मिळालेला अर्थ धरून चाललं, तर घरचे विनाकारण हादरतात किंवा विनाकारण निश्चिंत होतात.

लघुरूप एकटं वाचायचं नसतं. ते कोणत्या कागदावर, कोणत्या मथळ्याखाली, कोणत्या आकड्याशेजारी आहे, यावरून त्याचा अर्थ ठरतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच तत्त्वावर उभ्या आहेत: आधी डोळ्याचा कागद, मग 'अरेस्ट' म्हणजे थांबणं, आणि मग 'अर्ली जीन्स' म्हणजे लवकर जागी होणारी जनुकं. रुग्णाची फाइल सांभाळणारे नातेवाईक, वैद्यकीय नोंदी ठेवणारे, भाषांतर करणारे आणि संशोधनाचे लेख वाचू पाहणारे विद्यार्थी, अशा सर्वांना त्या उपयोगी पडाव्यात. हा लेख निदान करायला शिकवत नाही. डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमका प्रश्न विचारता यावा, एवढी तयारी मात्र यातून नक्की होईल.

पायरी १: अर्थ शोधण्याआधी अक्षरं उतरवून घ्या

लगेच मोबाइल हातात घेऊ नका. वहीच्या पानावर चार रकाने आखा. पहिल्यात लघुरूप जसं छापलंय अगदी तसंच लिहा. दुसऱ्यात ते कशाखाली आलंय ते लिहा: तक्रार, तपासणी, निदान, औषधं की प्रयोगशाळेचा निष्कर्ष. तिसऱ्यात शेजारचा आकडा आणि त्याचं एकक. चौथा रकाना अर्थाचा, तो सर्वांत शेवटी भरायचा.

तिसरा रकाना बरेच जण वगळतात, पण उकल बहुतेक वेळा तिथेच होते. 'आरए' घ्या. त्याच्या आधी ऑक्सिजनची टक्केवारी असेल तर तो रूम एअर, म्हणजे रुग्ण नळीशिवाय साध्या हवेवर श्वास घेतोय. हृदयाच्या इको तपासणीत तोच 'आरए' उजवा वरचा कप्पा होतो आणि सांध्यांच्या निदानाखाली ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस.

या लेखात सगळी लघुरूपं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. तुमच्या कागदावर ती रोमन अक्षरांत असतील आणि तिथे मोठं अक्षर, लहान अक्षर, टिंब, आडवी रेघ या सगळ्याला अर्थ असतो. ते काहीही 'सुधारून' उतरवू नका. अक्षरांचा क्रमही तपासा. सीपीआर म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबणं आणि कृत्रिम श्वास देणं. सीआरपी ही मात्र शरीरातल्या सुजेचा अंदाज देणारी साधी रक्ततपासणी. घाईत वाचताना या दोघांची अदलाबदल सहज होते.

पायरी २: डोळ्याच्या कागदावर आधी बाजू ठरवा

ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस म्हणजे डावा, ओयू म्हणजे दोन्ही. ही लॅटिन नावांची आद्याक्षरं आहेत. काही ठिकाणी त्याऐवजी आरई आणि एलई लिहितात, आणि ते कितीतरी बरं.

धोका औषधाच्या चिठ्ठीत असतो. तिथे 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा असाही अर्थ रूढ आहे. थेंबांच्या बाटलीपुढे नुसतं 'ओडी' लिहिलं असेल, तर औषध उजव्या डोळ्यात घालायचं की दिवसातून एकदा घालायचं? दोन्ही अर्थ बसतात. अमेरिकेतली इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस ही संस्था औषधांच्या चुका घडवणाऱ्या लघुरूपांची यादी काढते. त्या यादीत ओडी, ओएस, ओयू ही तिन्ही आहेत, आणि त्यांच्याशी गल्लत होणारी कानांची एडी, एएस, एयू हीसुद्धा. थेंबांची चिठ्ठी हातात पडली की तिथल्या तिथे 'कोणत्या डोळ्यात, दिवसातून किती वेळा' हे पूर्ण शब्दांत लिहून मागा. यात संकोच वाटण्यासारखं काहीच नाही.

पायरी ३: नजर किती उरली आहे ते वाचा

व्हीए म्हणजे व्हिज्युअल अक्युइटी, नजरेची तीक्ष्णता. तिचा आकडा बहुतेक वेळा ६/६, ६/१८, ६/६० असा असतो. डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तयार केलेल्या तक्त्याची ही पद्धत. वरचा आकडा म्हणजे तक्ता किती मीटरवरून वाचला ते. खालचा आकडा म्हणजे तीच ओळ निरोगी नजर किती मीटरवरून वाचू शकते ते. म्हणून ६/६० चा अर्थ असा: निरोगी नजरेला साठ मीटरवरून दिसणारं अक्षर या डोळ्याला सहा मीटरवर यावं तेव्हा दिसतं. फुटांच्या पद्धतीत ६/६ ला २०/२० आणि ६/६० ला २०/२०० म्हणतात.

आता एक खरोखर फसवी जागा. काही रिपोर्ट दशांश पद्धतीत असतात. तिथे १.० म्हणजे उत्तम नजर आणि ०.१ म्हणजे ६/६०. काही रिपोर्ट लॉगमार पद्धतीत असतात. तिथे ०.० म्हणजे ६/६ आणि १.० म्हणजे ६/६०. 'व्हीए १.०' एवढंच लिहिलं असेल, तर नजर अगदी चांगली आहे की अगदी अधू, हे पद्धतीचं नाव कळल्याशिवाय सांगताच येत नाही. लॉगमारमध्ये आकडा वाढला की नजर घटली, हे पक्कं लक्षात ठेवा.

तक्त्यावरचं सर्वांत मोठं अक्षरही दिसेनासं झालं की आकड्यांची जागा अक्षरं घेतात. सीएफ म्हणजे समोर धरलेली बोटं मोजता येतात. त्यापुढे सहसा अंतर लिहितात, जसं 'सीएफ १ मी'. त्याखाली एचएम, म्हणजे फक्त हाताची हालचाल कळते. त्याखाली पीएल किंवा एलपी, म्हणजे फक्त उजेड आहे की नाही एवढं कळतं. त्यापुढे पीआर लिहिलं असेल, तर उजेड कोणत्या दिशेने येतोय हे ओळखता येतं का, त्याची नोंद. सर्वांत शेवटी एनपीएल किंवा एनएलपी, म्हणजे उजेडही कळत नाही. यातला सीएफ श्वसनविकाराच्या कागदावर सिस्टिक फायब्रोसिस होतो, आणि एलपी मेंदूविकाराच्या कागदावर लंबर पंक्चर, म्हणजे पाठीतून पाणी काढून केलेली तपासणी.

व्हीएच्या पुढे लहान अक्षरांत एससी असेल तर नजर चष्म्याशिवाय तपासली आहे, सीसी असेल तर चष्म्यासह. बीसीव्हीए म्हणजे योग्य नंबर लावून मिळालेली जास्तीत जास्त नजर. पीएच म्हणजे पिनहोल, बारीक छिद्रातून पाहून घेतलेली नोंद. छिद्रातून नजर सुधारली तर बहुधा दोष चष्म्याच्या नंबरचा असतो. एनआय, म्हणजे सुधारणा नाही, असं लिहिलं असेल तर बुबुळ, भिंग, पडदा (रेटिना), डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस किंवा मेंदू यांपैकी कुठेतरी कारण शोधावं लागतं. एन६, एन८ हे जवळच्या वाचनाचे आकडे. त्यातला अंक छपाईच्या अक्षराचा पॉइंट आकार सांगतो.

एक ओळ वाचून पाहू: 'ओडी व्हीएएससी सीएफ १ मी, पीएच एनआय, आरएपीडी +, ओएस ६/९, पीएच ६/६'. उजव्या डोळ्याला चष्म्याशिवाय एक मीटरवरची बोटं मोजता येतात, पिनहोलने काही फरक पडत नाही, आणि बाहुलीची उजेडाला मिळणारी प्रतिक्रिया डाव्या डोळ्याच्या मानाने मंद आहे. डावा डोळा किंचित कमी, पण पिनहोलने पूर्ण. म्हणजे डावीकडे बहुधा चष्म्याचा प्रश्न, उजवीकडे नस किंवा पडदा गंभीरपणे बाधित असल्याची शंका. एवढं एका ओळीतून कळतं, म्हणून ती ओळ घाईत सोडू नका.

'अंध' हा शिक्का वेगवेगळ्या नियमांत वेगवेगळ्या ठिकाणी बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी झाली की मध्यम दोष, ६/६० पेक्षा कमी झाली की तीव्र दोष आणि ३/६० पेक्षा कमी झाली की अंधत्व. अमेरिकेत कायदेशीर अंधत्वाची रेषा २०/२०० वर, किंवा नजरेचा टापू २० अंशांवर आक्रसला की, अशी आखली आहे. दाखल्याचा कागद वाचताना कोणता नियम लावलाय ते आधी विचारा.

पायरी ४: नजर किती वेळात गेली ते पाहा

कारणाचं लघुरूप समोर आलं की त्याच्या आसपास वेळ शोधा. सीआरएओ म्हणजे पडद्याची मुख्य धमनी बंद पडणं. काही क्षणांत, न दुखता, एका डोळ्याची नजर जाते. हा डोळ्याचा पक्षाघातच, त्यामुळे 'सकाळी दाखवू' म्हणायला इथे जागा नाही. सीआरव्हीओ म्हणजे मुख्य शीर बंद पडणं. सुरुवातीचा बी असेल, म्हणजे बीआरएओ किंवा बीआरव्हीओ, तर फांदी बंद पडली आहे.

एआयओएन म्हणजे नसेच्या पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटणं. त्याच्यापुढे किंवा मागे जीसीए दिसलं तर विशेष जागरूक राहा. जायंट सेल आर्टेरायटिस हा पन्नाशीनंतर होणारा धमन्यांचा दाह. डोकेदुखी, चावताना जबडा दुखणं, वाढलेला ईएसआर (हीसुद्धा सुजेचीच रक्ततपासणी) आणि सीआरपी ही त्याची खूण. उपचार लांबले तर दुसरा डोळाही जाऊ शकतो, म्हणून डॉक्टर पक्क्या निदानाची वाट न पाहता स्टेरॉइड सुरू करतात. आरडी म्हणजे पडदा सुटणं. चमक, काळे ठिपके, मग कडेने पडदा ओढल्यासारखी सावली, असा त्याचा क्रम असतो आणि त्यालाही घाई लागते.

सावकाश जाणाऱ्या नजरेच्या कागदावर एएमडी, पीओएजी, एनपीडीआर, पीडीआर, डीएमई, आरपी ही अक्षरं भेटतात. पहिला म्हातारपणी पडद्याच्या मध्यभागाची होणारी झीज, दुसरा काचबिंदूचा नेहमीचा प्रकार, पुढचे तीन मधुमेहाचे आणि शेवटचा रेटिनायटिस पिगमेंटोझा, ज्यात रातांधळेपणापासून सुरुवात होते.

काही अक्षरं डोळ्याच्या बाहेर निराळीच असतात. पीव्हीडी नेत्रविभागात काचद्रव पडद्यापासून सुटणं, शस्त्रक्रिया विभागात हातापायांच्या रक्तवाहिन्यांचा विकार. एलसीए नेत्रविभागात लेबर काँजेनिटल अमॉरोसिस, म्हणजे जन्मापासूनची दृष्टिहीनता, हृदयविभागात डावी कॉरोनरी धमनी. ओएनएच तर नेत्रविभागातच दुहेरी आहे: नसेचं टोक, किंवा नसेची अपुरी वाढ. लहान मुलाच्या कागदावर हा फरक फार मोठा ठरतो.

पायरी ५: 'अरेस्ट' दिसलं की विचारा, काय थांबलं?

नुसतं 'अरेस्ट' लिहिलं असलं तर बहुधा कार्डिॲक अरेस्टच अभिप्रेत असतो, पण नेहमी नाही. आधी हृदयाचं बघू.

हार्ट ॲटॅक, म्हणजे एमआय, आणि कार्डिॲक अरेस्ट या दोन निराळ्या घटना आहेत. एमआयमध्ये हृदयाच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. माणूस शुद्धीत असू शकतो, बोलू शकतो. अरेस्टमध्ये हृदयातून रक्त बाहेर पडणंच थांबतं, माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. पहिल्यातून दुसरा उद्भवू शकतो, पण अरेस्टची इतरही बरीच कारणं असतात.

अरेस्टची नोंद क्रमाने वाचावी. ओएचसीए म्हणजे रुग्णालयाबाहेर, आयएचसीए म्हणजे रुग्णालयात. मग सुरुवातीची लय. व्हीएफ आणि पीव्हीटी (नाडी नसलेली अतिवेगवान लय) या दोन लयींना विजेचा झटका देतात. पीईए आणि असिस्टोल (मॉनिटरवर सरळ रेघ) यांना देत नाहीत. पीईएमध्ये मॉनिटरवर लय उमटत असते, पण नाडी नसते. 'मॉनिटरवर ठोके दिसत होते, तरी छाती का दाबत होते' हा नातेवाइकांच्या मनात राहून गेलेला प्रश्न बऱ्याचदा याच तीन अक्षरांपाशी सुटतो. प्रौढांसाठी छाती दाबण्याचा वेग मिनिटाला १०० ते १२० आणि खोली ५ ते ६ सेंटीमीटर. दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम ॲड्रेनलिन, असाही उल्लेख तिथे सापडेल.

आरओएससी म्हणजे रक्ताभिसरण आपोआप परत सुरू होणं. नोंदीतली सर्वांत आशेची अक्षरं हीच. त्याआधीचे दोन कालावधी मात्र नीट पाहा. नो-फ्लो म्हणजे अरेस्ट झाल्यापासून छाती दाबायला सुरुवात होईपर्यंतचा वेळ, लो-फ्लो म्हणजे तिथून आरओएससीपर्यंतचा. मेंदूला किती झळ बसली असेल याचा अंदाज डॉक्टर ज्या गोष्टींवरून बांधतात, त्यात हे दोन कालावधी मोडतात. सीपीसी हा नंतरच्या अवस्थेचा १ ते ५ असा आकडा. १ म्हणजे मेंदूचं काम चांगलं, ५ म्हणजे मेंदूमृत्यू किंवा मृत्यू. ही नोंद सगळीकडे एकसारखी व्हावी म्हणून १९९० मध्ये नॉर्वेतल्या उटस्टाइन मठात तज्ज्ञ जमले होते. म्हणून या पद्धतीला 'उटस्टाइन' म्हणतात आणि संशोधनाच्या लेखांत हे नाव वारंवार भेटतं.

डीएनआर किंवा डीएनएआर या अक्षरांविषयी फार गैरसमज आहेत. हृदय बंद पडल्यास सीपीआर करू नये, एवढाच त्यांचा अर्थ. वेदनाशमन, प्रतिजैविकं, ऑक्सिजन, शुश्रूषा यातलं काहीही त्यामुळे आपोआप थांबत नाही. तसं वाटत असेल तर स्पष्ट विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

आता हृदयाखेरीज जे थांबतं ते. रेस्पिरेटरी अरेस्टमध्ये श्वास थांबतो, नाडी काही काळ असू शकते. प्रसूतीच्या नोंदीतला अरेस्ट म्हणजे गर्भाशयाचं तोंड उघडणं किंवा बाळाचं खाली सरकणं थांबलं. वंध्यत्वाच्या तपासणीत मॅच्युरेशन अरेस्ट म्हणजे शुक्रपेशींची वाढ अर्ध्या टप्प्यावर अडली. डीएचसीए म्हणजे मोठ्या शस्त्रक्रियेसाठी शरीर थंड करून मुद्दाम थांबवलेलं रक्ताभिसरण. दातांच्या कागदावर 'अरेस्टेड' कीड म्हणजे पसरायची थांबलेली कीड, ही तर चांगली बातमी. प्रयोगशाळेच्या लेखात जी१ अरेस्ट, जी२/एम अरेस्ट असेल, तर पेशीचं विभाजन त्या टप्प्यावर थांबलंय.

अरेस्ट आणि दृष्टी यांची थेट गाठही पडते. रक्तपुरवठा तुटल्यावर मेंदूच्या मागच्या भागातल्या दृष्टिकेंद्राला इजा झाली, तर डोळे ठणठणीत असूनही दिसत नाही. याला कॉर्टिकल ब्लाइंडनेस म्हणतात. मुलांच्या कागदावर सीव्हीआय हे लघुरूप येतं, जे पायांच्या शिरांच्या विकारासाठीही वापरतात. यात बाहुल्या उजेडाला व्यवस्थित प्रतिसाद देतात आणि पडदाही निरोगी दिसतो. म्हणून 'डोळे नॉर्मल आहेत' हे वाक्य आणि 'मला दिसत नाही' ही तक्रार, दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. अरेस्टनंतर शुद्धीवर आलेला माणूस वस्तूंना धडकत असेल, समोरचा चेहरा ओळखत नसेल, तर ही शक्यता डॉक्टरांपुढे आवर्जून मांडा.

पायरी ६: 'अर्ली' म्हणजे कशाच्या मानाने लवकर?

इथे वाचक सर्वाधिक गोंधळतात, कारण 'अर्ली' हा शब्द तीन घड्याळांवर चालतो.

पहिलं घड्याळ पेशीचं. आयईजी, म्हणजे इमिजिएट अर्ली जीन्स, ही पेशीला चेतना मिळताच काही मिनिटांत जागी होणारी जनुकं. त्यांना चालू होण्यासाठी नवं प्रथिन बनण्याची वाट पाहावी लागत नाही, लागणारी सामग्री पेशीत आधीपासून तयार असते. फॉस, जून, ईजीआर१, आर्क ही त्यातली नेहमी भेटणारी नावं. फॉसचा आरएनए साधारण अर्ध्या ते एका तासात शिगेला पोचतो, प्रथिन त्यानंतर. म्हणूनच मेंदूतल्या कोणत्या पेशी नुकत्याच कामाला लागल्या हे पाहायला संशोधक फॉसचे डाग शोधतात. अंधारात वाढवलेल्या प्राण्याला उजेड दाखवला की दृष्टिकेंद्रात ही जनुकं उमटतात, एका डोळ्याचा संदेश अडवला की त्या डोळ्याच्या वाट्याच्या पट्ट्यांत ती मावळतात. एकाच जनुकाची अनेक नावं असू शकतात. ईजीआर१ आणि झिफ२६८ एकच आहेत.

'अरेस्ट' इथेही शेजारी येऊन बसतो. १९८४ मध्ये फॉसचं हे चटकन जागं होणं दाखवलं गेलं, ते पोषक सीरम काढून घेऊन विभाजन थांबवलेल्या पेशींवर. वाढीची चेतना परत दिल्यावर फॉस काही मिनिटांत चालू झालं. अशा परिच्छेदात 'अरेस्टेड' म्हणजे विश्रांतीत गेलेल्या पेशी. तिथे रुग्णही नाही आणि हृदयही नाही.

दुसरं घड्याळ विषाणूचं. नागीण गटातल्या विषाणूंची जनुकं आयई, ई आणि एल अशा क्रमाने चालू होतात: तत्काळ, लवकर, उशिरा. 'आयई' हृदयविभागात इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस, म्हणजे झडपांचा जंतुसंसर्ग, हे विसरू नका. याच गटातल्या ईबीव्ही विषाणूच्या रक्ततपासणीत दिसणारा ईए म्हणजे अर्ली अँटिजेन. याच गटातला सीएमव्ही हा विषाणू प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाच्या पडद्यावर हल्ला करतो. एचआयव्हीबाधितांत हा धोका सीडी४ या संरक्षक पेशी ५० च्या खाली गेल्यावर विशेष असतो.

तिसरं घड्याळ गर्भाचं. पॅक्स६, सॉक्स२, ओटीएक्स२ ही डोळा घडण्याच्या सुरुवातीच्या काळातली जनुकं. यांत बिघाड झाला तर डोळा लहान राहतो, बनतच नाही, किंवा पॅक्स६ च्या बाबतीत बुबुळातला रंगीत पडदा अपुरा राहतो. इथलं लघुरूप एमएसी, म्हणजे डोळा लहान असणं, नसणं किंवा त्यात जन्मजात फट असणं, आणि तेच क्षयरोगाच्या नात्यातल्या एका जंतुगटाचंही.

नावांची जवळीक इथे फारच आहे. ईजीआर१ हे जनुक, ईआरजी ही पडद्याची विद्युत तपासणी आणि एका जनुकाचंही नाव, ईजीएफआर ही पेशीवरची ग्राही. आर्क हे जनुक, आणि तिरळेपणाच्या कागदावर तीच तीन अक्षरं दोन डोळ्यांच्या पडद्यांचा जुळणीदोष सांगतात. रोमन अक्षरं जशीच्या तशी उतरवा, असं पहिल्या पायरीत बजावलं ते यासाठीच.

पायरी ७: तिन्ही विषय एकत्र येतात ती जागा, आरबी

रेटिनोब्लास्टोमा हा लहान मुलांच्या पडद्याचा कर्करोग, बहुतेकदा पाच वर्षांच्या आतला. फोटोत बाहुली लालऐवजी पांढरी दिसणं ही त्याची ठळक खूण. तशी दिसली तर त्या आठवड्यातच नेत्रतज्ज्ञांकडे जावं.

या आजाराच्या फाइलमध्ये आरबी म्हणजे आजार, आरबी१ म्हणजे तेराव्या गुणसूत्रावरचं जनुक आणि आधी लहान पी असेल तर प्रथिन. हे प्रथिन पेशीला जी१ टप्प्यावर अडवून धरतं, म्हणजे अरेस्ट घडवून आणतं. जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या की हा लगाम सुटतो. दोन आघातांचा हा विचार आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये याच आजाराच्या अभ्यासातून मांडला. प्रथिन ज्याला धरून ठेवतं त्याचं नाव ई२एफ. त्यातला 'ई' ॲडिनोव्हायरसच्या अर्ली भागावरून आला आहे. त्याच विषाणूचं ई१ए आणि एचपीव्ही या दुसऱ्या विषाणूचं ई७ ही अर्ली जनुकांची प्रथिनं आरबीला पकडून निकामी करतात. म्हणजे विषाणूच्या अर्ली जनुकाने पेशीचा अरेस्ट मोडणं, आणि तोच लगाम तुटल्याने मुलाच्या नजरेवर घाला येणं, या एकाच यंत्रणेच्या दोन बाजू. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत विलक्षण जागा वाटते.

पण त्याच फाइलमध्ये 'ग्रुप ई' असं लिहिलेलं असतं. त्या 'ई' चा अर्लीशी काडीमात्र संबंध नाही. ए ते ई हे डोळ्यातल्या गाठीच्या तीव्रतेचे गट आहेत आणि ई सर्वांत पुढचा. एकाच पानावर दोन 'ई' आणि अर्थ जवळपास उलटे!

पायरी ८: जनुकीय रिपोर्टची लहान अक्षरं

बदलाच्या आधीचं लहान अक्षर तो बदल कुठे मोजला ते सांगतं. सी आणि टिंब म्हणजे जनुकाचा प्रथिन लिहिणारा भाग, पी आणि टिंब म्हणजे प्रथिन, एम आणि टिंब म्हणजे मायटोकाँड्रियाचा डीएनए. 'एम.११७७८जी>ए' हे दिसलं तर एलएचओएन, म्हणजे आईकडून येणारा नसेचा आजार. तो बहुधा तरुणपणी एका डोळ्यात सुरू होऊन काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दुसऱ्यात जातो. सी-फॉसमध्ये मात्र 'सी' नंतर आडवी रेघ असते आणि तिथे 'सी' म्हणजे पेशीतलं मूळ जनुक, विषाणूतलं नव्हे. १३क्यू१४ मध्ये क्यू म्हणजे गुणसूत्राचा लांब हात.

एडी म्हणजे एका पालकाकडून आलेल्या एका सदोष प्रतीने होणारा आजार, एआर म्हणजे दोन्ही प्रती सदोष लागतात, एक्सएल म्हणजे एक्स गुणसूत्राशी जोडलेला. निष्कर्षाचे पाच वर्ग असतात, त्यातला मधला व्हीयूएस: बदल सापडलाय, पण तो आजाराचं कारण आहे की नाही हे ठरलेलं नाही. व्हीयूएसवरून कुटुंबातल्या इतरांबद्दल काहीही निर्णय घेऊ नका. जनुकाचं नाव नेमकं कळणं काही वेळा उपचाराचं दार उघडतं. आरपीई६५ मधल्या दोषामुळे होणाऱ्या दृष्टिदोषासाठीच्या जनुकोपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली. ती फक्त त्याच जनुकासाठी आहे, एलसीएच्या इतर प्रकारांसाठी नाही.

पायरी ९: जे उरलं ते विचारा

चौथा रकाना जिथे रिकामा राहिला किंवा दोन अर्थ उरले, त्या ओळी घेऊन डॉक्टरांकडे जा. 'हे काय आहे?' एवढंच विचारलं तर उत्तरही मोघम मिळतं. असं विचारा: 'या ओळीतलं व्हीएफ नजरेच्या टापूबद्दल आहे की हृदयाच्या लयीबद्दल?' 'हा आकडा लॉगमार आहे की दशांश, आणि चष्म्यासह आहे का?' 'अरेस्ट लिहिलंय, तो हृदयाचा, श्वासाचा की प्रसूतीतला?' 'हा जनुकीय बदल आजाराचं कारण ठरलाय की व्हीयूएस आहे? व्हीयूएस असेल तर त्याचं पुन्हा मूल्यमापन कधी करून घ्यायचं?' मिळालेलं उत्तर त्याच रकान्यात तारखेसह लिहा, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या विभागात जाताना ते पान फाइलच्या सर्वांत वर लावा.